न चाललेल्या सर्किटचे मार्क

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं कुठलंही जुनं जर्नल उघडा आणि 'इन्व्हर्टिंग अॅम्प्लिफायरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स' हा प्रयोग काढा. सर्किट ठरलेलं असतं. ७४१ नंबरचा ऑप-अॅम्प (ऑपरेशनल अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप), इनपुटला १ किलोओहम, फीडबॅकला १० किलोओहम, म्हणजे गेन १०, आउटपुट इनपुटच्या दहापट. इनपुटला १ व्होल्ट पीक-टू-पीकची साइन वेव्ह. खाली टेबल: १ किलोहर्ट्झला आउटपुट १० व्होल्ट, १० किलोहर्ट्झला ९.९, ५० किलोहर्ट्झला ८.८ आणि ९० किलोहर्ट्झच्या आसपास अगदी मोजून-मापून ७.०७. पुढच्या पानावर सेमीलॉग पेपरवरचा गुळगुळीत वक्र, ३ डेसिबलची, म्हणजे आउटपुट ०.७०७ पट उरतं तिथली, तुटक रेघ आणि कोपऱ्यात लाल शाईची सही.

हे टेबल खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सर्किट न जोडताही सांगता येतं. ७४१ चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच सरकू शकतं. याला स्लू रेट म्हणतात आणि तो डेटाशीटमध्ये छापलेला असतो. १० व्होल्ट पीक-टू-पीकची साइन वेव्ह शून्यावरून जाताना सगळ्यात वेगाने चढते; तो वेग १६ किलोहर्ट्झलाच या मर्यादेला जाऊन भिडतो. त्यापुढे ऑप-अॅम्पला धावणं झेपत नाही, तो एकाच चालीने वर चढतो आणि त्याच चालीने खाली उतरतो. स्क्रीनवर साइन वेव्हची ट्रँग्युलर वेव्ह होते. ५० किलोहर्ट्झला अर्धा आवर्तनकाळ १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे आउटपुट जेमतेम ५ व्होल्ट. ९० किलोहर्ट्झला पावणेतीनच्या घरात. एखादा नग जरा चपळ निघतो, पण दुप्पट चपळ धरला तरी ७ व्होल्ट काही येत नाहीत. तेव्हा ज्याने कोणी ७.०७ लिहिलं, त्याने ते स्क्रीनवर पाहिलेलं नाही.

मुलांना चोर ठरवायचं म्हणून हे सांगत नाहीये. ७.०७ हा आकडा सीनियरच्या जर्नलमधून येतो, त्याच्याकडे त्याच्या सीनियरच्या जर्नलमधून आलेला असतो, आणि हे मुलांना माहीत असतं, सरांना माहीत असतं, परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नललाही माहीत असतं. मला खुपतं ते वेगळंच. कुठल्या तरी बेंचवर कुणी तरी खरोखरच फ्रिक्वेन्सी वाढवत नेतो, त्याच्या सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, त्रिकोण उमटतो, आणि तो हाक मारतो, "सर, वेव्हफॉर्म बिघडला." सर येतात, जनरेटरची नॉब मागे फिरवतात. "हे बघ, आला की नाही? रीडिंग घे आणि पुढे हो." त्या दोन तासांत लॅबमध्ये शिकण्यासारखी एकच गोष्ट घडली होती, ती नॉब फिरवून घालवली. इनपुट १ व्होल्टवरून ५० मिलिव्होल्टवर आण आणि पुन्हा बघ, एवढं जरी सर म्हणाले असते तरी त्रिकोण जाऊन साइन परत आली असती, ३ डेसिबलचा बिंदू खरोखर ९० किलोहर्ट्झच्या आसपास सापडला असता, आणि बँडविड्थ (कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत गेन टिकतो) व स्लू रेट या दोन वेगळ्या मर्यादा आहेत हे त्या पोराला जन्मभर सांगावं लागलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठांनी अॅनालॉगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत चालतं सर्किट दाखवायचे मार्क कमी करावेत, आणि बिघडलेलं सर्किट समोर ठेवून त्यातला दोष शोधायचे मार्क द्यावेत. तोंडी लावण्यापुरते पाच मार्क नकोत. निम्म्याहून जास्त मार्क असावेत.

आपल्याकडे मार्क जिकडे असतात तिकडे अभ्यास जातो. यात मुलांचं काही चुकत नाही. टर्मवर्कला जर्नल पूर्ण असणं लागतं, जर्नलला टेबल पूर्ण असणं लागतं, आणि टेबल पूर्ण व्हायला सर्किट चालणं अजिबात लागत नाही. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उचलायची, सर्किट जोडायचं, आउटपुट दाखवायचं. आउटपुट आलं नाही तर शेजारच्या बेंचवरचं दाखवायचं, नाहीतर लॅब असिस्टंट काकांकडे केविलवाणं बघायचं. काका येतात, आयसी बोटाने दाबतात, एक वायर काढून पुढच्या भोकात खोचतात, आणि आउटपुट येतं. मार्क मिळतात मुलाला. परीक्षा खरं तर काकांनी दिलेली असते.

त्यानंतर ओरल. "आयडियल ऑप-अॅम्पची कॅरॅक्टरिस्टिक्स सांगा." गेन अनंत, इनपुट इम्पीडन्स अनंत, आउटपुट इम्पीडन्स शून्य, सीएमआरआर अनंत, स्लू रेट अनंत. पोरं हे मनाच्या श्लोकांसारखं म्हणून दाखवतात. ज्या आयसीची परीक्षा चालू आहे तो समोर ब्रेडबोर्डवर बसलेला असतो आणि त्याचा यातला एकही गुण नसतो. त्याचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही आत असलेलं चुकीचं व्होल्टेज) किती, त्याच्या इनपुटला किती बायस करंट लागतो, हे कुणी विचारत नाही.

आदर्श ऑप-अॅम्प शिकवूच नये असं मी म्हणत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या सगळ्या इतिहासात निगेटिव्ह फीडबॅकइतकी देखणी कल्पना फार थोडी असेल. ऑगस्ट १९२७ मध्ये हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल लॅब्जमधला इंजिनिअर हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बसून कामावर चालला होता. टेलिफोनच्या लांब लाइनीवर एकामागोमाग एक लावलेले अॅम्प्लिफायर आवाज विकृत करत, आणि ती विकृती घालवायच्या मागे तो वर्षानुवर्षं लागला होता. गेन मुद्दाम गरजेपेक्षा खूप जास्त ठेवायचा आणि आउटपुटचा काही भाग उलटा फिरवून इनपुटला द्यायचा, जादाचा गेन खर्च करून टाकायचा आणि त्या बदल्यात अचूकपणा विकत घ्यायचा, हे त्याला बोटीत सुचलं आणि त्याने ते हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर खरडलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. मोठा गेन आहे त्याहून कमी करायचा आणि त्याला सुधारणा म्हणायचं, हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. आज आपण ते तासाभरात फळ्यावर सिद्ध करून देतो: व्हर्च्युअल ग्राउंड (दोन्ही इनपुटमधला फरक जवळजवळ शून्य धरायचा), दोन ओळींचं समीकरण, गेन बरोबर उणे आरएफ भागिले आरवन, म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर भागिले इनपुटचा. इतकं स्वच्छ उत्तर आल्यावर त्यामागे काही लपलं असेल अशी शंकाही मुलाला येत नाही. ती शंका आणून देणं हे लॅबचं काम. वर्गातलाच पाठ लॅबमध्ये पुन्हा म्हणून घ्यायचा असेल तर वीजबिल कशाला वाढवायचं?

या चर्चेत हमखास निघणारा एक मुद्दा म्हणजे ७४१ ची म्हातारी हाडं. हा आयसी डेव्ह फुलगर यांनी फेअरचाइल्ड कंपनीत १९६८ मध्ये तयार केला. बाहेरच्या जगात नव्या डिझाइनमध्ये त्याला कोणी हात लावत नाही आणि आपण अजून त्यावर प्रयोग घेतो, म्हणून अभ्यासक्रम मागासलेला, असा युक्तिवाद असतो. मला तो अर्धाच पटतो. ७४१ शिकवायला उत्तम आहे तो त्याच्यातल्या खोडींमुळेच. त्याच्या आधीच्या ७०९ ला बाहेरून कपॅसिटर लावावा लागे, नाहीतर तो आपसूक ऑसिलेट होऊ लागे, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच लाटा काढू लागे. फुलगरने ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच घातला, आणि नवशिक्यालाही वापरता येईल असा ऑप-अॅम्प झाला. त्या ३० पिकोफॅरडला भरायला आतल्या इनपुट स्टेजकडे जेमतेम १५ ते २० मायक्रोअॅम्पिअर करंट असतो. भागाकार करा: मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. म्हणजे ज्या कपॅसिटरने आयसी शहाण्यासारखा वागायला लागला, त्याच कपॅसिटरने तो मंद केला. जर्नलमध्ये नसलेला त्रिकोण येतो तो तिथून. एवढी उघडी, एवढी हाताशी येणारी देवाणघेवाण आजच्या झकास आयसींमध्ये इतक्या सहज दिसत नाही.

पण खोडी दाखवायच्याच नसतील तर ७४१ ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि इथे टीकाकारांचं बरोबर आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मुलं लॅबच्या सवयीने ७४१ घेतात आणि मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवर चालवायला बघतात. तो वरचे आणि खालचे दीड-दोन व्होल्ट गिळतो, मध्ये उरते चिंचोळी पट्टी, आणि सेन्सरचं रीडिंग हलतच नाही. मग 'सेन्सर डुप्लिकेट निघाला' असं म्हणून टपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला दुसरी फेरी. शून्यापासून पुरवठ्याच्या टोकापर्यंत जाणारे, ५ व्होल्टवर चालणारे ऑप-अॅम्प त्याच दुकानात मिळतात. ७४१ शेजारी असा एक लावून तोच प्रयोग दोनदा करायला लावला तर खर्च वाढून वाढून किती वाढेल? पण सिलॅबसमध्ये एका ओळीत एकाच आयसीचं नाव असतं.

ट्रेनर किटबद्दल मात्र माझी सहनशक्ती कमी आहे. राखाडी डबा, वर छापलेलं सर्किट, बनाना सॉकेट आणि पॅच कॉर्ड. चार कॉर्ड खोचल्या की प्रयोग झाला. तपासणी समिती आली की कपाटात ओळीने मांडलेले डबे छान दिसतात, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मोठे आकडे भरतात. पण या किटवर चूक करायची सोयच ठेवलेली नाही. दोन पॉवर सप्लाय जोडून प्लस-मायनस १२ व्होल्ट करताना मधला बिंदू सर्किटच्या ग्राउंडला जोडायचा राहून जातो, ही अॅनालॉगमधली पहिली आणि सगळ्यात फळणारी चूक आहे. किटवर ती होऊच शकत नाही. ब्रेडबोर्डची पॉवरची रेघ कित्येकदा मध्येच तुटलेली असते आणि उजव्या अर्ध्या भागात वीज नसते, हे किटवर कधी कळणार? सीआरओच्या दोन्ही चॅनलच्या ग्राउंड क्लिप आतून एकच असतात, दुसरी क्लिप भलत्या ठिकाणी लावली की तिथे शॉर्ट होतो, हेही नाहीच.

सिम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघणाऱ्या सॉफ्टवेअरचं, तसं नाही. मी सिम्युलेटरच्या बाजूचा माणूस आहे. एलटीस्पाइस फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम नावाचं मुक्त सॉफ्टवेअर केलंय, एनजीस्पाइसवर चालणारं, तेही फुकट. करोनाच्या काळात लॅब बंद असताना या साधनांनी आणि व्हर्च्युअल लॅब्जनी दोन बॅचेसचं वर्ष तारलं. चांगलं मॉडेल घेतलं तर ७४१ चा त्रिकोणही सिम्युलेटर दाखवतो. अडचण अशी की सिम्युलेटरला जे सांगाल तेच असतं. १० किलोचा रेझिस्टर म्हणून उचललेला १०० किलोचा निघणं, रंगपट्टीतला नारिंगी आणि पिवळा ट्यूबलाइटखाली सारखाच दिसणं, आयसीची एक पिन सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडली जाणं, प्रोब दहापटीवर ठेवलेला असणं: यातलं काही नेटलिस्टमध्ये, सिम्युलेटरला दिलेल्या सर्किटच्या यादीत, लिहिता येत नाही, कारण ते झालंय हे माहीत नसणं हाच तर दोष असतो. घरी सिम्युलेशन करून या आणि लॅबमध्ये ते का जुळत नाही ते शोधा, असं सांगितलं तर दोन्हीचा उपयोग होईल. सध्या उलटं होतं. सिम्युलेशनचा स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवतात आणि बेंचवरची रीडिंग त्याच्याशी जुळवून लिहितात.

आता सगळ्यात जड प्रश्न. अॅनालॉग शिकायचंच कशाला? नोकऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फार तर डिजिटल व्हीएलएसआयमध्ये, म्हणजे चिप डिझाइनमध्ये. इलेक्ट्रॉनिक्सची निम्मी मुलं तिसऱ्या वर्षापासून कोडिंगच्या क्लासला जातात, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. घरी हप्ते असतात.

तरी एक हिशोब मांडतो. बाजार समितीत कांद्याची गोणी ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतात, त्याच्या पोटात लोडसेल, म्हणजे वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर, असतो. नेहमीचा लोडसेल एका व्होल्टला २ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ५ व्होल्ट पुरवले तर पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट. काटा १०० किलोचा धरा. एका किलोला ०.१ मिलिव्होल्ट आले, आणि १० ग्रॅमला १ मायक्रोव्होल्ट. आता लॅबमधल्या ७४१ चा ऑफसेट १ मिलिव्होल्ट धरला, आणि तो तेवढा असतोच, तर रिकाम्या काट्यावर १० किलो कांदा चढलेला दिसेल. तो शून्य करून घेता येतो, बरोबर. पण सकाळच्या गारव्यात शून्य केलेला ऑफसेट दुपारी सरकतो. अंशाला ५ मायक्रोव्होल्ट सरकला तर दहा अंशांत अर्धा किलो. प्रत्येक गोणीमागे, कुणाच्या तरी खिशातून. म्हणून असल्या काट्यात वेगळ्या जातीचे अॅम्प्लिफायर आणि २४ बिटांचे एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिप) बसवतात, आणि ते कोणते, का, कसे, हे ठरवणाऱ्या माणसाला अॅनालॉग यावं लागतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात घराघरांत बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचंही तेच: बोटातून आलेल्या प्रकाशातला नाडीबरोबर हलणारा भाग एक-दोन टक्क्यांचा, बाकी सगळा स्थिर उजेड आणि ट्यूबलाइटची थरथर. त्यातून ९४ की ८८ हे काढायचं. पुढचं गणित सॉफ्टवेअर करतं, पण त्याच्या हाती ते सिग्नल पोचवायचं काम फोटोडायोडमागच्या ऑप-अॅम्पचं.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर योजनेसाठी ७६,००० कोटी मंजूर केले. साणंदला पॅकेजिंग आणि टेस्टिंग, धोलेऱ्याला फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना. धोलेऱ्यात जे बनवायचं जाहीर झालंय त्यात पॉवर मॅनेजमेंटच्या चिप आहेत, आणि त्या अॅनालॉगच्याच घरातल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला डिझाइन सेंटर काढलं त्याला १९८५ पासून आज चाळीस वर्षं होऊन गेली, तिथे अॅनालॉगचं काम होतं आणि त्या कामाला माणसं लागतात. टेस्टिंगच्या कारखान्यात बसणाऱ्या इंजिनिअरचं रोजचं काम काय? नापास झालेली चिप समोर येते आणि ती का नापास झाली ते सांगायचं. आपण त्याला चार वर्षं फक्त पास झालेलं आउटपुट दाखवायला शिकवलेलं असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गंमत म्हणजे ही विद्या महाराष्ट्रात नाही असं नाही. तालुक्याच्या गावात स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस बघा. त्यातल्या बहुतेक जुन्या बोर्डांवर एलएम ३२४ असतो, एका आयसीत चार ऑप-अॅम्प. तो माणूस बोर्डाकडे बघत नाही आधी. आधी सप्लायच्या पिनवर मीटर लावतो. मग दोन इनपुट मोजतो, मग आउटपुट. दोन्ही इनपुटमध्ये कोण वर आहे ते बघून आउटपुट वर असायला हवं की खाली हे त्याच्या मनात ठरलेलं असतं, आणि तसं नसलं की आयसी गेला. त्याला 'डिफरन्शियल इनपुट व्होल्टेज' म्हणता येणार नाही कदाचित. आमच्या टॉपरला म्हणता येतं, पण मीटरचं एक टोक कुठे लावायचं ते सुचत नाही.

नेमकी हीच रीत परीक्षेत आणता येते. बोर्ड जोडून तयार ठेवायचा, त्यात एकच दोष पेरायचा. विद्यार्थ्याला सर्किट डायग्राम, मल्टिमीटर, सीआरओ आणि अर्धा तास. समजा, फीडबॅकचा रेझिस्टर एका टोकाला सुटा आहे. इनपुट ०.२ व्होल्ट डीसी, आउटपुट खाली उणे ११ ला चिकटलंय. मुलाने काय करायला हवं? पिन ७ आणि ४ वर आयसीच्या पायाशी सप्लाय मोजायचा, बोर्डाच्या रेघेवर नाही. मग पिन २ (उलटा इनपुट) आणि ३ (सुलटा इनपुट) मधला फरक. लूप नीट बंद असेल तर तो मिलिव्होल्टमध्ये असायला हवा, इथे ०.२ व्होल्ट दिसतो. म्हणजे व्हर्च्युअल ग्राउंड मेला. आता दिशा बघायची: पिन २ चं व्होल्टेज पिन ३ पेक्षा वर आहे, आउटपुट खाली आहे, म्हणजे आयसी जे करायला हवं तेच करतोय, तो जिवंत आहे. मग दोष फीडबॅकच्या वाटेत. तीन मोजमापं, आणि वर्गात दोन ओळींत उडवलेलं व्हर्च्युअल ग्राउंड हे हातातलं हत्यार झालं. उलट पिन २ चं व्होल्टेज वर असूनही आउटपुट वरच्या टोकाला चिकटलेलं असतं तर संशय आयसीवर गेला असता. किंवा २ आणि ३ ची अदलाबदल झाली असती तर फीडबॅक पॉझिटिव्ह होऊन आउटपुट पहिल्या धक्क्याला ज्या बाजूला गेलं तिथेच बसून राहिलं असतं.

मार्क कशाचे द्यायचे? काय मोजलं, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक मोजमापातून काय बाद झालं, हे अर्ध्या पानात लिहायला सांगायचं. दोष सापडला नाही तरी चार शक्यता बरोबर बाद केल्या असतील तर मार्क पडतील. नुसता अंदाजाने आयसी बदलून पाहिला आणि चाललं, तर फार नाही पडणार.

वेळ नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. वीस जणांच्या बॅचला सर्किट जोडायला आणि न चालल्यावर रडायला तीन तास पुरत नाहीत. तयार बोर्डवर दोष शोधायला अर्धा तास लागतो, आणि चार बेंच फिरते ठेवले तरी सत्र वेळेत आटपतं. उलट यात प्रत्येकाला एकट्याला मीटर धरावा लागतो. आज चौघांच्या ग्रुपमध्ये एक जण जोडतो, एक नॉब फिरवतो आणि ज्याचं अक्षर चांगलं तो, बहुतेक वेळा ती, रीडिंग लिहिते. सेमिस्टर संपतं तरी तिने प्रोब हातात घेतलेला नसतो, आणि पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूत 'मुलींना हार्डवेअर नको असतं' असं ऐकायला मिळतं.

शिक्षकांचा आक्षेप खरा आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारे, सेमिस्टर संपलं की पुढचं नेमणूकपत्र येईल का या काळजीत असलेले, मधल्या वेळात अॅक्रेडिटेशनसाठी कोर्स आउटकमचे एक्सेल तक्ते भरणारे लोक. त्यांतल्या अनेकांनी स्वतः ७.०७ लिहूनच पदवी घेतली. त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकताना माझी जीभ अडखळते. पण प्रयोग कमी करा. दहा-बाराच्या जागी सहा ठेवा, प्रत्येकाला दोन आठवडे द्या. इंटिग्रेटरच्या एका प्रयोगात काय काय निघतं बघा. १० किलो आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटरला समांतर रेझिस्टर न लावता, इनपुट ग्राउंडला. पुस्तकाप्रमाणे आउटपुट शून्य. प्रत्यक्षात १ मिलिव्होल्टचा ऑफसेट सेकंदाला १ व्होल्ट या गतीने साठत जातो, आणि मीटरवरचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढत चढत दहा-पंधरा सेकंदांत टोकाला जाऊन बसतो. मग समांतर रेझिस्टर का लावतात हे कुणी सांगावं लागत नाही. आणि बायस करंटचा वाटा वेगळा कसा काढायचा, यावर दुसरा आठवडा सहज जातो.

आणि लॅब असिस्टंटला परीक्षेच्या टेबलावर खुर्ची द्या. दोष पेरायला त्याच्याइतका लायक माणूस कॉलेजात नाही. तीस वर्षं तो हेच निस्तरतोय. नियमात बसत नाही म्हणाल तर नियम बदलता येतो, पण तोवरही टर्मवर्कचे मार्क कॉलेजच्या हातात आहेत, आणि स्वायत्त कॉलेजांना तर कुणाला विचारायचीही गरज नाही. पुढच्या सेमिस्टरला एका बॅचपासून सुरू करता येईल.

पेपर फुटेल, हा शेवटचा आक्षेप. पहिल्या दिवशीच्या मुलांनी बाहेर येऊन दोष सांगितले तर? तर मी म्हणेन, पेरायच्या वीस दोषांची यादी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डावर लावा. ती पाठ करून आलेल्या मुलालासुद्धा आपल्या बोर्डात त्यातला कोणता आहे हे ठरवायला पिन २ आणि ३ मध्ये मीटर लावावाच लागेल.